निळा लागतो तिथे

एक अजस्र तुळई आभाळात तिरकी घुसल्यासारखी उभी आहे. तिला खालून लाकडी घोड्यांचा टेकू दिला आहे. एक जण तिच्या पाठीवर उभा राहून रुंद पात्याची करवत चालवतो आहे, दुसरा तीच तुळई खालच्या अंगाने चिरतो आहे. शेकोटीचा धूर वळसे घेत वर चालला आहे. पाठीला तान्हं मूल बांधलेली एक बाई कामाच्या जागी आली आहे. आणि घोड्याच्या पायांमधल्या तिकोनात, खूप दूर, लहानसा फुजी पर्वत दिसतो.

जपानी चित्रकार होकुसाई याचं हे चित्र, ‘तोतोमी प्रांताच्या डोंगरात’. लाकडी ठशांवरून कागदावर छापलेलं. ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये’ या त्याच्या मालिकेतलं हे एक. मालिका १८३०च्या सुमारास निघू लागली, तेव्हा होकुसाई सत्तरीचा होता. एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, निशिमुराया योहाची या प्रकाशकाने ती काढली. लोकांनी ती इतकी उचलून धरली की छत्तिसावर आणखी दहा चित्रं काढावी लागली. नखांसारखा फेस उगारलेली ती जगप्रसिद्ध लाट याच मालिकेतली. लाट सगळ्यांना माहीत आहे, टी-शर्टावरसुद्धा असते. करवतवाले मात्र मला भेटले ते एका जपानी ग्राहकाकडून कंपनीत आलेल्या कॅलेंडरवर. महिना संपला, पान उलटायची वेळ आली, तेव्हा ते पान मी मागून घेतलं.

त्या चित्रात आणखी एक माणूस आहे, आणि कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाची नजर आधी त्याच्याकडे जाते. तो लाकूड कापत नाही. तो खाली बसून करवतीच्या दात्यांना धार लावतो आहे. तुळई एवढी जाड, करवत दिवसभर चालणार, म्हणजे दाते बोथट होणारच. एकेक दाता धरून पुन्हा जागा करावा लागतो. आमच्या हिशेबाच्या वहीत अशा माणसाला ‘इनडायरेक्ट’ म्हणतात. त्याच्या हातून माल निघत नाही, त्याचा पगार खर्चात धरतात, आणि खर्च कमी करायची वेळ आली की पहिला डोळा त्याच्यावर जातो. होकुसाईने त्याला चित्रातून वगळलं नाही. वर उभ्या असलेल्या करवतवाल्याइतकंच मन लावून त्याला काढलं आहे. त्याची वाकलेली पाठ बघितली की चित्रकाराने अशी माणसं जवळून पाहिली होती हे कळतं. पाहिली होतीच. होकुसाई स्वतः पोरवयात ठसे कोरणाऱ्याच्या हाताखाली काम शिकला होता. बोथट हत्याराने हात कसा शिणतो हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

भोसरीत ज्या टूलरूममध्ये मी उमेदवारी केली, तिथे कोपऱ्यात एक टूल अँड कटर ग्राइंडर होता आणि त्यावर बसणारे एक मामा होते. शॉपमधले सगळे ड्रिल, सगळे एंड मिल शेवटी त्यांच्या ट्रेमध्ये येऊन पडायचे. मामा धार लावून झाली की हत्याराची कड अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून ओढायचे. घसरली तर पुन्हा चाकावर. नखाला अडली, बारीकसा पांढरा ओरखडा उठला, की ट्रेच्या दुसऱ्या कप्प्यात. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख अशा ओरखड्यांनी कायम खरबरीत असायचं. आता कार्बाइडचे इन्सर्ट आले. एक कड गेली की फिरवून दुसरी घ्यायची, सगळ्या कडा गेल्या की डब्यात टाकायचं. तरी चिंचवड-भोसरीच्या गल्ल्यांमध्ये रिशार्पनिंगची छोटी दुकानं अजून चालू आहेत, आणि मोठ्या कंपन्यांच्या गाड्या त्यांच्या दारात उभ्या राहतात.

या चित्राचा आणि भोसरी-चाकणच्या आपल्या कारखान्यांच्या पट्ट्याचा आणखी एक धागा आहे. तोतोमी म्हणजे आजच्या शिझुओका प्रांताचा पश्चिम भाग, हामामात्सु शहराचा परिसर. तिथल्या डोंगरातल्या लाकडाने सुतार घडवले आणि त्या सुतारांच्या मुलुखातून पुढे यंत्रं आली. साकिची तोयोदा १८६७ साली याच तोतोमीत जन्मला, सुताराच्या घरी. आई हातमागावर राबताना बघून तो मागाच्या मागे लागला आणि १९२४मध्ये त्याने असा स्वयंचलित माग पुरा केला, की धागा तुटला की माग आपोआप थांबे. खराब कापड पुढे जायचंच नाही. त्याच्या मुलाने, किइचिरोने, पुढे मोटारी बनवायला घेतल्या. मिचिओ सुझुकी हामामात्सुचाच. त्याने सुताराकडे उमेदवारी केली आणि १९०९मध्ये मागांचा कारखाना काढला. सोइचिरो होंडाही त्याच भागातला, लोहाराचा मुलगा. आज चाकणच्या कुठल्याही पुरवठादाराच्या शेडमध्ये शिरा, भिंतीवर ‘कायझेन’, म्हणजे सतत सुधारणा, आणि ‘पोका योके’, म्हणजे चूक होऊच न देणं, यांचे तक्ते आहेत. चूक झाली की लाइन थांबवायची दोरी आहे, वरती लाल दिवा आहे. खेड तालुक्यातला, आंबेगावातला, मराठवाड्यातून आलेला पोरगा ती दोरी ओढतो, तेव्हा तोतोमीतल्या सुताराच्या पोराची युक्ती तो वापरत असतो. होकुसाईचे करवतवाले त्या साकिचीच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतले. चित्रातल्या बाईच्या पाठीवर बांधलेलं मूल मोठं होऊन काय झालं असेल, हा विचार माझ्या मनात दरवेळी येतो.

चित्रात कारागीर आहेत हे झालं एक. चित्रच कारागिरांनी केलं आहे, ही गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. होकुसाईने शाईने पातळ कागदावर रेघा काढून दिल्या. तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर पालथा चिकटवायचा आणि रेघ सोडून बाकीचं लाकूड कोरून काढायचं. कोरताना मूळ चित्र नष्ट होतं. म्हणजे उस्तादाच्या हातची रेघ उरतच नाही, उरते ती कोरणाऱ्याने राखलेली रेघ. केसाएवढी बारीक लाकडाची भिंत दोन्ही बाजूंनी तासत न्यायची आणि ती मोडू द्यायची नाही. मग प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी. छापणारा फळीवर ब्रशने रंग पसरतो, ओलसर कागद टाकतो आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने, बारेनने, पाठीमागून घासतो. आकाशाचा रंग वर गडद आणि खाली विरळ होत जातो, ती छटा फळीत कोरलेली नसते. ती छापणाऱ्याच्या मनगटात असते आणि प्रत्येक कागदाला ती नव्याने आणावी लागते.

आता प्रश्न असा की चार-सहा वेगळ्या फळ्यांवरून एकच कागद फिरवायचा, तर रंग रेघेच्या बाहेर का सांडत नाही? त्याचं उत्तर फळीच्या कडेला आहे. प्रत्येक फळीवर कोरणारा दोन खुणा ठेवतो. एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि त्याच लांब कडेवर थोड्या अंतरावर एक सरळ खाच. कागदाचा कोपरा पहिलीत बसवायचा, कड दुसरीला टेकवायची, मग कागद सोडायचा. या खुणांना केंतो म्हणतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. कारण फिक्स्चर बनवणाऱ्या प्रत्येक पोराला आयटीआयमध्ये पहिला धडा हाच शिकवतात. जॉब पक्का जागेवर बसवायचा असेल तर खाली तीन टेकू, लांब बाजूला दोन, आखूड बाजूला एक. तीन-दोन-एक. फळी हा खालचा आधार, लांब कड दोन ठिकाणी टेकते, आखूड कड एका. एदोतल्या गल्लीत मांडी घालून बसलेला छापणारा आणि चाकणमध्ये व्हर्टिकल मशीनिंग सेंटरवर इंजिनाचं कास्टिंग चढवणारा ऑपरेटर एकाच नियमाने हात चालवतात. ओलसर कागद ताणला की छापणारा खाच किंचित सरकवून घेई. आमच्याकडे पिन झिजली की तिच्याखाली शिम घालतात.

आणि मग तो निळा रंग. होकुसाईच्या या मालिकेची ओळख म्हणजे निळा. पहिल्या छत्तीस चित्रांत बाह्यरेघासुद्धा काळ्या नाहीत, निळ्या आहेत. हा निळा जपानचा नव्हता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये रसायनांतून तयार झालेला, जहाजांतून नागासाकीला उतरणारा, आणि होकुसाईच्या म्हातारपणी एकदाचा स्वस्त झालेला. जपानी लोक त्याला बर्लिनवरून ‘बेरो’ म्हणत. तो उन्हात विटत नाही, पाण्यात पसरवला तर अगदी फिक्यापासून रात्रीसारख्या गडदापर्यंत कुठेही थांबवता येतो. आपण त्याला प्रशियन ब्लू म्हणतो. ‘आपण’ म्हणजे चित्रकार नव्हेत. आपण म्हणजे फिटर.

टूलरूममध्ये ज्यांनी काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर सगळीकडून नीट बसतात का, हे डोळ्याने कळत नाही. पट्टी ठेवून, उजेड बघूनही एका मर्यादेपलीकडे कळत नाही. मग ट्यूबमधून वाटाण्याएवढा निळा घ्यायचा आणि सरफेस प्लेटवर बोटाने पसरायचा. इतका पातळ की खालचं लोखंड दिसलं पाहिजे. जास्त लागला तर तो खोलगट जागीही पोचतो आणि सगळा अंदाज चुकतो. मग जॉब पालथा ठेवायचा, दोन्ही हातांनी जरासा फिरवायचा, दाबायचा नाही, आणि उचलायचा. जिथे निळा उठला तिथे तो उंच आहे. जिथे कोरा आहे तिथे तो टेकतच नाही. निळा उठलेल्या जागी स्क्रेपर चालवायचा, राखेसारखी बारीक धातूची पूड निघते, ती पुसायची, पुन्हा निळा, पुन्हा पालथा. सकाळी चार-दोन मोठे डाग असतात. ते फुटत फुटत दुपारपर्यंत पंधरा-वीस होतात. संध्याकाळी चौरस इंचात सारखे ठिपके पडले, की काम बसलं. याला ब्लू मॅचिंग म्हणतात. डायचे दोन भाग एकमेकांवर बसवतानाही हेच.

मामा हे काम शिकवताना फार बोलत नसत. निळे ठिपके पडलेला जॉब उजेडाकडे तिरका धरायचे आणि करंगळीने दाखवायचे. “हितं बसतंय. हितं पोकळ हाय. आता हात हलका ठेव.” एवढंच. त्यांच्या नखांच्या कडांतला निळा रविवारीही जायचा नाही. त्यांच्या घरी जेवायला बसलो, तेव्हा भाकरी मोडणाऱ्या बोटांवर तो दिसला होता.

ठसा छापणं आणि ब्लू मॅचिंग ही एकच क्रिया आहे. उंच भागाला रंग, खोल भाग कोरा, आणि दोन पृष्ठभागांच्या भेटीची खूण. फरक एवढाच की एदोच्या छापणाऱ्याला ती खूण कागदावर ठेवायची होती आणि आमच्या फिटरला ती वाचून पुसून टाकायची होती. भोसरीच्या सरफेस प्लेटांवर रोज अशी किती निळी चित्रं उमटली आणि कॉटन वेस्टने पुसली गेली! जपानहून आलेल्या कॅलेंडराच्या पानावरचा निळा आणि बेंचवरच्या ट्यूबमधला निळा एकाच घराण्यातले आहेत हे कळल्यापासून मला ते चित्र परक्या देशाचं वाटलेलं नाही.

चित्रावर होकुसाईची सही आहे. प्रकाशकाचं नावही या मालिकेत सापडतं. होन्जो इथल्या लाकडाच्या वखारीचं एक चित्र आहे, त्यात तर उभ्या केलेल्या लाकडांवरच निशिमुरायाचं नाव आणि मालिकेची जाहिरात लिहिली आहे. कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव तोतोमीच्या चित्रावर नाही. त्या काळची रीतच तशी. कारागिरांचं चित्र, कारागिरांनी घडवलेलं, आणि घडवणारे अनामिक. आपल्या पट्ट्यात बनणाऱ्या गिअरवर, ब्रेकच्या ड्रमवर, डोअरच्या पॅनलवर बघा. पुरवठादाराचा कोड असतो, हीट नंबर असतो, तारीख आणि पाळीसुद्धा असते. एखादा भाग रस्त्यात मोडला तर तो कुठल्या मशिनवर कुठल्या पाळीत झाला हे तासाभरात शोधता येतं. हे आवश्यकच आहे. पण एवढ्या नोंदीत ज्याने तो भाग केला त्याचा हात कसा चालतो, याची नोंद कुठेच नाही.

नोंद व्हायला कुणी बघायला तर हवं. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात एमआयडीसी, बजाज, टेल्को आली, १९८२मध्ये महापालिका झाली, मग चाकण, तळेगाव, रांजणगाव. तीन पिढ्या या शेडांमध्ये राबल्या. पण त्या शेडांच्या आत बाहेरचा माणूस जात नाही. गेलाच तर गेटवर सिक्युरिटीवाला मोबाइलच्या कॅमेऱ्यावर गोल स्टिकर लावतो. कंपनीची गुपितं जपायला हवीत हे मला मान्य आहे. मीही ती जपली आहेत. पण त्या स्टिकरखाली माणसंही झाकली गेली. होकुसाईच्या चित्रात बाई मुलाला घेऊन नवऱ्याच्या कामाशी येऊन उभी राहते. इथे बापाने वीस वर्षं कुठल्या मशिनवर काढली हे मुलाने पाहिलेलं नसतं. फार तर खंडेनवमीला, मशिनला झेंडूच्या माळा घातलेल्या असताना, पेढा खात. त्या दिवशी फोटो निघतात, पण मशिन बंद असतं आणि सगळे धुतलेले कपडे घालून ओळीत उभे असतात. आणि पॉवर प्रेसवर ज्यांची बोटं गेली, अशी माणसं या पट्ट्यात कुणालाही भेटतील. त्यांच्या हाताकडे आपण अपघातानंतर बघतो. आधी तोच हात मिनिटाला किती वेळा डायमध्ये जाऊन परत येत होता, हे कुणी पाहिलेलं नसतं. पाहिलं असतं तर दोन हातांनी दाबायची बटणं आणि हात मध्ये आला की प्रेस थांबवणारे लाइट कर्टन अधिक वेळेवर आले असते असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

जपानमध्ये कारागिरांकडे बघायची परंपरा होकुसाईच्या आधीची आहे. सुमारे १५००च्या एका चित्रग्रंथात एकाहत्तर जोड्या, म्हणजे एकशे बेचाळीस व्यवसाय आहेत. प्रत्येकाचं चित्र आणि त्याच्या तोंडी कविता. मात्र त्या कविता लिहिल्या दरबारातल्या सरदारांनी, कारागिरांचा आवाज काढून. आपल्याकडे उलटं घडलं. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी हे स्वतः बोलले. मातीची, मळ्याची, मुशीची, वस्तऱ्याची भाषा त्यांनी थेट विठ्ठलापर्यंत नेली.  देहू आणि आळंदी या दोन्ही गावांना आज कारखान्यांनी वेढलं आहे, इंद्रायणी त्यांच्यामधून वाहते. शब्द आपल्याकडे आले, चित्र आलं नाही. लोणावळ्याच्या लोकलने आकुर्डी, तळेगाव मागे टाकत गेलं की मळवली लागतं. तिथे रवि वर्मांचा छापखाना होता. एकेका रंगाला एकेक दगड वापरून तिथून लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या, त्याही अशाच, नाव मागे न ठेवता गेलेल्या हातांनी छापल्या. देवघरं भरली. दगड घासणाऱ्या माणसाचं चित्र त्या छापखान्याने काढलं असतं तर मी ते आज होकुसाईशेजारी लावलं असतं.

मला हवं आहे ते साध्या मंगळवारचं चित्र. चाकणमध्ये वायरिंग हार्नेसच्या बोर्डासमोर उभ्या राहून रंगीत तारा खुंट्यांवरून ओढणाऱ्या मुली, त्यांची नजर तारेवर नसते, पुढच्या खुंटीवर असते. फोर्जिंग शॉपमध्ये लाल तुकडा चिमट्याने फिरवणारा माणूस, हातोडा पडायच्या क्षणी त्याचा खांदा किंचित मागे जातो. चाकणच्या बाजारात कांद्याची गोणी पाठीवर घेताना गुडघ्यात वाकणारा हमाल. पहिल्याच महिन्यात असलेला ट्रेनी, कंत्राट संपेपर्यंत त्याचा हात बसेल न बसेल अशा बेताने टॉर्क गन धरणारा. आणि ग्राइंडरपाशी नखावर धार बघणारे कुणीतरी मामा. पुण्यात चित्रकला शिकवणाऱ्या संस्था आहेत, तिथली मुलं स्केचबुक घेऊन शनिवारवाड्यासमोर आणि मंडईत बसलेली दिसतात. त्यांना महिन्यातून एक दिवस शॉप फ्लोअरवर बसू द्यावं. मशिनची गुपितं त्यांना नकोच असतील. हेल्मेट, सेफ्टी शूज आणि पिवळ्या रेषेच्या आत बसायला थोडी जागा मिळाली तर त्यांचं काम होईल. ज्यांच्या सहीने गेट पास निघतो त्यांनी हे एकदा करून बघावं.